कसारा घाटात पकडलेलं इंजिन: 2011 च्या एका पिकअपचं प्रकरण

गाडी माझ्या गॅरेजला आली ती टोचन करून. सप्टेंबर 2025 चा दुसरा आठवडा, टोमॅटोचा ऐन हंगाम. दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदाराची 2011 ची बोलेरो पिकअप. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. एमएच-15 पासिंग, बीएस-3 (धुराच्या जुन्या मानकाचं), मेकॅनिकल पंपाचं 2523 सीसीचं टर्बो डिझेल इंजिन. नानांचा मुलगा वाशी मार्केटला 60 जाळ्या उतरवून, परतीचं भाडं घेऊन रात्री निघाला होता. कसारा घाटात अर्ध्या चढाला इंजिन पकडलं, म्हणजे आतून जाम झालं. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाल्यापासून बोगद्यातून येणाऱ्यांचा हा चढ टळतो, पण टोलचा हिशेब करणारी छोटी गाडी अजून घाटानंच चढते.

मुलाला मी पहिलं विचारलं ते हे, की टेंपरेचरचा काटा कुठं होता.

"काका, आधी वर गेला होता. मग आपोआप खाली आला. म्हटलं, गाडी थंड झाली."

तिथंच मला कळलं की आत काय वाढून ठेवलंय. तो सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी निघून गेलं की तो उघडा पडतो आणि काटा खाली येतो. म्हणजे काटा उतरला तेव्हा इंजिनात पाणीच उरलं नव्हतं, आणि त्यानंतर त्या पोरानं भरल्या गाडीनं चार-पाच किलोमीटर चढ काढला. त्याला मी बोललो नाही. त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. आता माझ्याकडे गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे आधी सांगतो: वर गेलेला काटा एकदम पडला तर जागेवर गाडी बंद कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले. बाकावर बसले, समोर आलेला चहा तसाच ठेवला. "मिस्तरी, खरं सांग. ठेवू का इकू?" पिंपळगावला माल न्यायला त्यांना रोज भाड्याची गाडी लावावी लागत होती आणि बाजार वर असताना एकही दिवस चुकवून चालणार नव्हतं. गावात प्रत्येकाकडं सल्ला तयार होता. कुणी म्हणे स्कॉर्पिओचं इंजिन बसवा, कुणी म्हणे कॉमन रेल (कंप्युटरनं डिझेल सोडणारं इंजिन) घ्या, कुणी म्हणे पन्नास हजारात भंगारातलं मिळतं. मी नानांकडं दोन दिवस मागून घेतले. दुसरं इंजिन निवडण्याआधी पहिलं कशानं गेलं हे मला बघायचं होतं. ते कळल्याशिवाय मी कुणालाच इंजिन घेऊ देत नाही.

आधी जुनं इंजिन खोललं

हेड उतरवलं. पुढचे तीन पिस्टन वयाच्या मानानं बरे होते. चौथा लायनरला चिकटून बसलेला. लायनरवर उभे ओरखडे, नख अडकेल इतके खोल. चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोललं तर चौथ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग सेल, म्हणजे अर्धगोल पातळ पट्ट्या, फिरून एकावर एक चढले होते. क्रँक लेथवाल्याकडं मोजून घेतली. ती आधीच तीसवर गेलेली निघाली, म्हणजे मूळ मापापेक्षा 0.75 मिलिमीटर घासलेली. हे इंजिन पूर्वी कुणीतरी एकदा बांधलं होतं, नानांनी गाडी सेकंडहँड घ्यायच्या आधी. आता आणखी घासायला क्रँकमध्ये मांस उरलं नव्हतं. ब्लॉक डिझेलनं धुतल्यावर चौथ्या सिलिंडरच्या वरच्या कडेला केसाएवढी चीर दिसली.

मग ब्लॉकच्या मागच्या बाजूची पाण्याची डमी, म्हणजे पाण्याच्या पोकळीवरचं पत्र्याचं झाकण, काढली. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे आणि फार थोडे लोक ती करतात. डमीच्या मागं पाण्यानं भरलेली मोकळी पोकळी असायला हवी. इथं स्क्रू ड्रायव्हर आत जाईना. तार घालून खरवडलं तेव्हा विटकरी चिखल बाहेर पडला आणि त्याच्यामागं पांढरट, चुन्यासारखा कडक थर लागला. टिचकी मारली तशा त्याच्या खपल्या निघाल्या. एक खपली मी नानांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती अंगठ्यानं घासून बघितली आणि लगेच म्हणाले, "आरं, हे तर ड्रिपरात बसतं तेच."

तेच होतं. बोअरचं पाणी. आपल्या काळ्या पाषाणाखालचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे, आणि द्राक्षबागायतदाराला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. नाना ठिबकच्या नळ्यांना नेमानं ॲसिड देतात, कारण क्षारानं ड्रिपरची तोंडं बुजली की वेल सुकते. रेडिएटरला मात्र इतकी वर्षं तेच पाणी जात होतं, कधी कूलंट नाही. पाणी तापलं की त्यातला क्षार सुटतो आणि जिथं धातू सगळ्यात गरम असतो तिथं जाऊन बसतो. या इंजिनाची वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) पुढच्या बाजूला आहे. मागच्या सिलिंडरपर्यंत पोचेस्तोवर पाण्याचा जोर कमी होतो, म्हणून गंज आणि गाळ चौथ्याभोवती साठतो. तीन सोडून चौथाच का गेला, याचं उत्तर ते.

रेडिएटरच्याही जवळजवळ निम्म्या नळ्या बंद निघाल्या. थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच. गाडी तापते म्हणून कुणीतरी मागं कधीतरी तो काढून टाकला होता. हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि मला तो पटत नाही. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन वेळेत तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, ऑइल लवकर काळं पडतं, आणि तापण्याचं मूळ कारण आहे तिथंच राहतं. त्या रात्री शेवटचं निमित्त झालं ते खालच्या होज पाइपचं. क्लिपपाशी तो फाटला आणि पाणी गेलं. पण पाइप फाटला नसता तरी हे इंजिन फार तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकलं असतं.

एवढं कळल्यावर एक गोष्ट पक्की झाली. इंजिन कोणतंही घ्या, रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट आणि वॉटर बॉडी नवीन पडणार. तो खर्च इंजिनाच्या किमतीतच धरायचा.

नानांसमोरचे रस्ते

गाडी आहे तशी विकली तर 90 हजारांची मागणी आली होती. त्यात दुसरी चालू पिकअप येत नाही, आणि नव्या गाडीचा हप्ता नानांना सध्या नको होता. बागेवर कर्ज आहेच. दुसरीकडं या गाडीचा सांगाडा चांगला होता. चेसिसला सांधा नाही, गिअरबॉक्स दोन वर्षांपूर्वी केलेला, हौद्याचा पत्रा शाबूत. पण गाडीचं वयही बघायला हवं. व्यवसायाच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस काढावं लागतं, पर्यावरण कर वेगळा, आणि तेव्हाच्या नियमानं पंधरा वर्षं पूर्ण झाली की फिटनेसची फी कित्येक पटींनी वाढायची. ही गाडी 2026 मध्ये पंधरा पूर्ण करते. म्हणून मी नानांना सरळ विचारलं, "ही गाडी अजून किती वर्षं वापरायची?" ते म्हणाले, "धाकट्याचं शिक्षण होईस्तोवर. तीन, फार तर चार वर्षं." माझा सगळा हिशेब या उत्तरावर उभा राहिला. चार वर्षांच्या कामाला दहा वर्षांचं इंजिन घालणं म्हणजे नानांचे पैसे लोखंडात पुरणं झालं असतं.

जुनंच बांधायचं तर ब्लॉक दुसरा, क्रँक नवी, लायनर-पिस्टनचा सेट, हेडचं काम, सगळं धरून नुसत्या इंजिनाचे एक लाख दहा हजार होत होते. क्रँक एखाद्या मापावर असती आणि ब्लॉकला चीर नसती, तर मी डोळे झाकून बांधायला सांगितलं असतं. स्वतःच्या हातानं बांधलेल्या इंजिनाची खात्री वेगळीच असते. नवीन हाफ इंजिनाची (हेड सोडून खालचं इंजिन) चौकशी केली. भाव त्याहून बराच वर आणि वाट बघावी लागणार. टोमॅटो वाट बघत नाही.

कॉमन रेलवर मात्र नानांचा मुलगा अडून बसला होता, आणि त्याचं म्हणणं उगाच नव्हतं. याच 2523 सीसीच्या घराण्यात पुढं कॉमन रेलचं एम-टू-डीआयसीआर इंजिन आलं. सिलिंडरचा व्यास 88.9 आणि पिस्टनची धाव 101.6 मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच, तीच जुनी इंची मापं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की चार बोल्ट काढून चार लावले की झालं. तसं ते नाही. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला डिझेल आणि हवा मिळाली की ते चालतं. कॉमन रेलला ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) लागतो, त्याचं पूर्ण वायरिंग, ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर, रेल प्रेशरचा सेन्सर, चांगला पाणी वेगळा करणारा फिल्टर. आत डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, आणि त्या दाबाला नोझलचं भोक इतकं बारीक असतं की शेतातल्या ड्रममधून डब्यानं ओतलेलं डिझेल त्याला चालत नाही. नानांच्या शेडमधला तो ड्रम मी पाहिलेला आहे. रात्री दोन वाजता घाटात वायर तुटली तर स्कॅनर कुठून आणायचा, हेही होतंच.

त्याहून मोठी अडचण कागदाची. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. बीएस-3 मेकॅनिकलच्या जागी दुसऱ्याच जातीचं इंजिन, किंवा स्कॉर्पिओचं 2179 सीसीचं, हे आरसी बुकात बसवायचं कसं? लोक बसवतात आणि नोंद न करता चालवतात. उद्या अपघात झाला आणि विम्याच्या माणसानं इंजिन नंबर ताडून पाहिला, तर दावा तिथंच अडकतो. मागं हौद्यात मजूर बसलेले असतात. ती जोखीम मी नानांच्या घरावर येऊ देणार नव्हतो. मुलाला हे पटायला एक संध्याकाळ गेली, पण पटलं.

उरला एकच रस्ता: त्याच जातीचं, त्याच इंधनाचं, बीएस-3 चं वापरलेलं इंजिन. या इंजिनाचा एक मोठा गुण असा की त्याचा कुठलाही पार्ट नाशकात अर्ध्या दिवसात हाताशी येतो, आणि ते खोलता येणारा मिस्त्री वणीपासून सिन्नरपर्यंत कुठंही सापडतो.

तीन इंजिनं पाहिली

पहिलं 48 हजारांना होतं. नुकताच चंदेरी रंग मारलेला, नट-बोल्टसकट. जुन्या इंजिनाला रंग दिसला की मी आधी नंबरची जागा बघतो. तिथं बोट फिरवलं तर बाजूच्या कास्टिंगला जो खरबरीतपणा होता तो नंबरखाली नव्हता. ती जागा गुळगुळीत लागली आणि आकडे एका ओळीत नव्हते. ग्राइंडर मारून पुन्हा पंच केलेलं. कॉम्प्रेशनसुद्धा (सिलिंडरमधला दाब) पाहिलं नाही, निघालो.

दुसऱ्याचा नंबर ठीक होता, कागदही होते. स्टार्टर मारून चालू केलं, आवाज बरा. पण ऑइल भरायचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवलं तर ते नाचून खाली पडलं. तोंडाशी हात धरला, भकाभका धूर येत होता. रिंगा गेल्या की जळालेला वायू पिस्टनच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये उतरतो आणि असा वर निघतो. विकणारा म्हणाला की गरम झालं की बंद होईल. गरम होऊ दिलं. वाढलं.

तिसरं मालेगावच्या एका व्यापाऱ्याकडं मिळालं. 2012 च्या पिकअपमधलं, गाडी बाजूनं चेपून निकालात निघालेली, पुढचा भाग शाबूत. इंजिन धुळीनं माखलेलं, रंग नाही, टॅपेट कव्हरच्या कडेनं जुन्या ऑइलचा काळा थर. मला असंच इंजिन आवडतं. त्यावर काही झाकलेलं नसतं. 65 हजार सांगितले, 62 हजारांना ठरलं, पण पैसे देण्याआधी माझ्या दोन अटी. एक, नोझल काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेणार. दोन, चेंबर खोलणार.

दुसऱ्या अटीला व्यापारी कुरकुरला. मी हटलो नाही, आणि त्याला कारण आहे. 2013 मध्ये एका गिऱ्हाइकाला मी नुसत्या आवाजावर आणि कॉम्प्रेशनवर इंजिन घेऊन दिलं होतं. अकराशे किलोमीटरवर त्याचं कनेक्टिंग बेअरिंग गेलं. चूक माझी होती, मी ते स्वतःच्या पैशानं पुन्हा बांधून दिलं. कॉम्प्रेशन वरचा मजला दाखवतं. खालचा मजला चेंबर उघडल्याशिवाय दिसत नाही.

कॉम्प्रेशन आलं 390, 400, 385 आणि 395 पीएसआय. मी आकड्याइतकंच चौघांमधल्या फरकाकडं बघतो. इथं तो पाच टक्क्यांच्या आत होता. एखादा सिलिंडर दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असता तर भाव पुन्हा बोललो असतो. मग इंजिन जुन्या टायरवर आडवं करून चेंबर उघडलं. तळाशी बोट फिरवून ते उन्हात धरलं. काळं ऑइल, पण चमक नाही. धातूची बारीक पूड असली की बोट उन्हात चमचमतं. दुसऱ्या आणि चौथ्या कनेक्टिंगची कॅप खोलली. सेल राखाडी, कडेला किंचित घासलेले, तांबं कुठंही उघडं पडलेलं नाही. क्रँक पुढं-मागं ढकलून खेळ पाहिला. क्रँक मूळ मापाची होती. शेवटी मागची डमी काढली. आत गंजाचा पातळ लालसर थर आणि मागच्या भिंतीपर्यंत टॉर्चचा उजेड पोचला. नाना वाकून बघत होते. "मोकळं हाये," म्हणाले, आणि खिशातून पैसे काढले.

बसवताना

चेनकुप्पीनं (साखळीच्या कप्पीनं) इंजिन खाली घेण्याआधी जी कामं होतात ती नंतर दुप्पट मजुरीत होतात, म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर बसतं ते) रबर तेव्हाच बदलले. पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला दिले. टर्बो नव्या इंजिनाबरोबर आलेलाच ठेवला. नानांच्या जुन्या टर्बोमधून बेअरिंगची पूड फिरलेली होती. त्याच कारणानं ऑइलच्या जुन्या वाटेतला एकही पाइप पुन्हा वापरला नाही. डिझेलची टाकी उतरवून धुतली, तळाला पेलाभर पाणी आणि गाळ निघाला.

हिशेब असा झाला: इंजिन 62,000, रेडिएटरचा नवीन कोअर 9,500, होज-थर्मोस्टॅट-वॉटर बॉडी 5,200, क्लचचं सामान 6,800, पंप-नोझल 7,500, रबर, ऑइल, फिल्टर आणि कूलंट 6,000, मजुरी 12,000. एकूण 1,09,000. ज्याला 62 हजारांचं इंजिन म्हणतात ते गाडीत बसून चालू होईस्तोवर एवढ्याला पडतं, आणि सुरुवातीला हा आकडा न सांगणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला अर्ध्या वाटेत उभं करतो. नानांना मी पहिल्याच दिवशी सव्वा लाख धरून चालायला सांगितलं होतं.

कागद

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलल्यावर 14 दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आम्ही व्यापाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि ज्या गाडीतलं इंजिन तिच्या आरसीची प्रत घेतली होती. तो गाडी नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून मॉडेल, इंधन आणि बीएस-3 जुळतं का ते घेण्याआधीच पाहिलं होतं. इंजिन गाडीत बसवण्यापूर्वी, नंबर समोर उघडा असतानाच, कागदावर पेन्सिल प्रिंट घेऊन ठेवली. बसल्यावर तिथं हात पोचत नाही आणि मग लोक मोबाइलचा धूसर फोटो घेऊन फिरतात. पेठ रोडच्या आरटीओत गाडी नेऊन दाखवली, नोंद झाली. त्याच आठवड्यात विमा कंपनीला नवा नंबर लेखी कळवला आणि पोच घेतली.

त्यानंतर

पहिले 500 किलोमीटर हलका माल, मग ऑइल बदललं. ते गाळून पाहिलं, पूड नव्हती. मग मी स्वतः मुलाबरोबर वाशीला गेलो आणि परतीला भरल्या गाडीनं तोच कसारा घाट चढलो. काटा मध्याच्या जरा वर गेला आणि तिथं स्थिर राहिला. घाटमाथ्यावर थांबून बॉनेट उघडलं. मुलानं होजच्या क्लिपा स्वतः चाचपल्या.

आता फेब्रुवारी 2026. द्राक्षाचा हंगाम सुरू आहे, गाडी सहा हजार किलोमीटरच्या वर चालली. सीटमागं तयार कूलंटचा पाच लिटरचा कॅन असतो आणि त्यावर नानांनी पांढऱ्या रंगानं लिहिलंय, "बोअरचं पाणी घालू नये." टर्बोच्या ऑइल रिटर्न पाइपच्या जोडाशी थोडी ओल दिसते. थेंब पडत नाही, पण मला ती आवडलेली नाही. एप्रिलमध्ये माल संपला की गाडी एक दिवस माझ्याकडे ठेवायचं ठरलंय.